औषधदान आणि अभयदान : नवी औषधे कशी घडतात?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या आचार्यांनी श्रावकाला सांगितली आहेत. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने औषधदानाची परंपरा श्रद्धेने जपली आहे. परंतु जे औषध आपण रुग्णाच्या हाती देतो, त्याची परीक्षा बहुधा आधी मुक्या जीवांवर झालेली असते. मग औषधदान करताना अभयदानाचा भंग होतो काय? हा प्रश्न टाळणे आपल्याला शोभणारे नाही. मात्र उत्तर शोधण्यापूर्वी औषध घडते कसे, हे जाणून घेतले पाहिजे.

मुळात परीक्षा हवीच कशाला? १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड हे औषध गोड द्रवरूपात विक्रीस आले. ते ज्या डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले होते, ते विषारी होते. विक्रीपूर्वी त्याची सुरक्षितता कोणीही तपासली नाही, कारण कायद्याने ते बंधनकारक नव्हते. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत अनेक बालके होती. दुसऱ्याच वर्षी तेथे सुरक्षिततेचा पुरावा मागणारा कायदा झाला. तात्पर्य, परीक्षा न करता औषध देणे हीदेखील हिंसाच आहे.

आज नवे औषध प्रथम प्रयोगशाळेत पेशींवर तपासले जाते, त्यानंतर प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर. माणसांवरील चाचण्यांचे तीन टप्पे असतात. पहिल्यात थोड्या स्वयंसेवकांवर सुरक्षितता आणि मात्रा पाहतात. दुसऱ्यात काही शे रुग्णांवर गुण येतो का, हे पाहतात. तिसऱ्यात अनेकदा हजारो रुग्णांवर नव्या औषधाची प्रचलित उपचाराशी तुलना करतात. या तुलनेत शक्य तेथे कोणाला कोणते औषध मिळाले, हे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. आपली दृष्टी एकांगी असू शकते, हे मान्य करूनच ही पद्धत आखली आहे. अनेकांताचा संस्कार लाभलेल्या आपल्याला तिचे मर्म सहज उमजावे. या वाटेवर दहा-बारा वर्षे सहज जातात आणि मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच रुग्णापर्यंत येते.

आता कर्करोग, संधिवात अशा अनेक व्याधींवर वापरल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडीकडे वळू. शरीरात शिरलेल्या परक्या घटकाला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड निर्माण करणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग घडविला. त्या संकरित पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळू लागली. १९८४ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ साली मूत्रपिंडरोपणानंतर वापरावयाचे असे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले.

परंतु या शोधाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संकरित पेशी दीर्घकाळ जिवंत उंदरांच्या पोटात वाढविल्या जात. त्यांचे पोट द्रवाने फुगे आणि तो द्रव सुईने काढला जाई. श्रावक संकल्पी हिंसेचा त्याग करतो. ही हिंसा अजाणता घडलेली नव्हती. ती ठरवून केलेली होती. म्हणून तिला गृहस्थाच्या आरंभी हिंसेत बसवून मोकळे होता येत नाही.

बरे, प्राण्यांवरील परीक्षेने माणसाची सुरक्षितता तरी निश्चित होते काय? मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे टीजीएन १४१२ ही प्रतिपिंडे प्रथमच माणसांना देण्यात आली. माकडांना ती सोसली होती. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा हिस्सा सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचला गेला. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले आणि त्यांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. औषध ज्या खुणेला चिकटते, ती खूण माणसाच्या काही प्रतिकारपेशींवर असते, माकडाच्या त्याच पेशींवर नसते, हे पुढे मानवी पेशींवरील अभ्यासातून उलगडले. माकडांचा जीव गेला आणि माणसालाही अभय मिळाले नाही!

यातून विज्ञान शिकले. पहिली मात्रा एका वेळी एकालाच देऊन वाट पाहण्याची दक्षता रूढ झाली. औषधी प्रतिपिंडे आता मोठ्या पात्रांत पेशी वाढवून मिळवितात. प्राण्याला टोचल्याविना प्रतिपिंड शोधण्याच्या पद्धतीसाठी ग्रेगरी विंटर आणि जॉर्ज स्मिथ यांना २०१८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारताने २०२३ साली नियम बदलून मानवी पेशी आणि संगणक यांवर आधारित चाचण्यांना वाट मोकळी केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून आरंभ करून प्राण्यांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. त्या पूर्ण थांबल्या आहेत, असे मात्र समजू नये.

मग आपण काय करावे? रुग्णाला औषध नाकारणे हा मार्ग नव्हे. स्वतःपुरता त्याग करता येतो, दुसऱ्याच्या प्राणांवर तो लादता येत नाही. डोळे मिटून घेणे हाही मार्ग नव्हे. माझ्या मते मार्ग यत्नाचाराचा आहे, आणि त्यासाठी कायद्याने दारही उघडे ठेवले आहे. २०१९ च्या नियमांनुसार मानवी चाचणीला नीतिसमितीची संमती लागते. तिच्या किमान सात सदस्यांत एक सामान्य नागरिक हवा. तसेच समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा धर्मतत्त्वज्ञ अशांपैकीही एक हवा. आपल्यातील सुशिक्षित श्रावक-श्राविकांनी या जागा स्वीकाराव्यात. गरीब रुग्णाला संमतिपत्र त्याच्या भाषेत समजले काय, इजा झाल्यास भरपाई मिळेल काय, हे तेथे विचारावे. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी वेगळ्या समित्या असतात. हा प्रयोग त्यांच्याविना होणार नाही काय, हा प्रश्न तेथे विचारला जावा, असा आग्रह धरावा. आणि आपल्या दानाचा काही अंश प्राण्यांविना होणाऱ्या संशोधनाकडे वळवावा.

प्रत्येक औषधामागे मुक्या जीवांचे आणि अनाम स्वयंसेवकांचे ऋण आहे. ते मान्य करून कमी करीत जाणे, हेच औषधदान आणि अभयदान यांना एकत्र आणणारे कार्य आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने त्याचा आरंभ करावा, एवढी प्रार्थना करून मी थांबतो. जय जिनेंद्र!