मुलांची एक रात्र विहारात
(येडगाव येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुट्टीत मुलामुलींनी एक रात्र विहारात एकत्र राहावे, असे आम्ही सुचविले आहे. मुले हे ऐकून हरखली. पालक मात्र गप्प झाले. ही काळजी रास्तच आहे. म्हणून प्रथम एका जुन्या रात्रीची आठवण देतो.

साधारण १९०१ सालची गोष्ट. बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर त्यांना घ्यायला कोणीच आले नाही, कारण मुलांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते. विटाळाच्या भीतीने गाडीवानाने दुप्पट भाडे घेऊन बैलगाडी मुलांनाच हाकायला लावली. मध्यरात्री टोलनाक्यावरही पाणी मिळाले नाही. शिदोरी जवळ असून मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या रात्री मुलांना तीन गोष्टी मिळाल्या नाहीत : पोचलेला निरोप, वाट पाहणारे जबाबदार माणूस आणि घोटभर पाणी. आपल्या विहारात याच तीन गोष्टी सर्वांत आधी असल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

निरोपाचे पाहू. प्रत्येक मुलाचे नाव, पालकांचा फोन, आजार, औषध आणि कोणते अन्न चालत नाही, हे वहीत लिहून घ्यावे. मूल पोचताच घरी कळवावे. सकाळी पालकांच्याच हाती मूल सोपवावे. रात्री दोन वाजता एखाद्याला आईची आठवण आली, तर हसू नये. फोन लावून द्यावा. १०८, ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

जबाबदार माणसांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मुली व मुले वेगळ्या खोल्यांत झोपतील. मुलींकडे दोन महिला व मुलांकडे दोन पुरुष आळीपाळीने जागे राहतील. कोणीही मोठे माणूस एकट्या मुलाला बाजूला नेणार नाही, मग ते संस्थेचे पदाधिकारी का असेनात. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. पण कायद्याआधी आपली नजर हवी. विद्यार्थी मित्रांनो, कोणाचा स्पर्श नकोसा वाटला तर लगेच सांगा. तुम्हाला कोणी रागावणार नाही.

आपला जुन्नर तालुका बिबट्याचा. उसात त्याचा वावर असतो आणि वाकून बसलेले लहान मूल त्याला सावज वाटू शकते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी सर्वांनी आत यावे, अंगणात दिवा जळता ठेवावा, शौचालयास जाताना मोठे माणूस सोबत असावे. धरणाच्या पाण्यावर कोणी पोहायला जाऊ नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तो दंश पुष्कळदा कळतही नाही. यासाठी खाटा मिळाल्या तर उत्तम. नाहीतर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. पहाटे मुलाचे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

एवढी व्यवस्था असली की मजेला मोकळे रान! पिठले-भाकरी मुलांनीच वाढावी. भेंड्या, कोडी, नकला व्हाव्यात. कठडा असलेल्या गच्चीवरून मोठ्यांच्या सोबतीने तारे पाहावेत. जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशाचे काय ऐकते, हे शिक्षकांनी सांगावे. दहाला दिवे मंद करावेत. थोडी कुजबुज चालेलच. तेवढी मुभा असू द्या.

शेवटी पालकांना एक विनंती. धोका आहे म्हणून मुलींना घरी ठेवू नका. मुलगी येऊ शकत नसेल, तर उणीव आपल्या व्यवस्थेत आहे. ती आपणच भरून काढू. आधी येऊन खोल्या पाहा, वही पाहा, शंका विचारा. सव्वाशे वर्षांपूर्वी चार मुले तहानेने कासावीस होऊन झोपली. आपल्या दारी आलेले प्रत्येक मूल, ते कोणत्याही जातीचे असो, पोटभर जेवून निर्धास्त झोपले पाहिजे.

जयभीम!