नव्या गाडीची कुरकुर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बोम्मसंद्रा येथे भरलेल्या सभासदांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत, संतवाङ्मय यांवर अधिकारी व्यक्तींनी बोलावे असा आपला प्रघात आहे. माझे आयुष्य मात्र यंत्रशाळेत गेले; निवृत्तीपर्यंतची बरीच वर्षे याच बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत गेली. ‘तुम्हांला जे ठाऊक आहे त्याविषयी बोला,’ असा चिटणीसांनी आग्रह धरला. म्हणून आज मी एका आवाजाविषयी बोलणार आहे. नव्या हायब्रिड गाडीतून येणारी, कारण न समजणारी कुरकुर हा तो विषय. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीत आपल्यापैकी कित्येक जण वृद्ध आईवडिलांना व लहान मुलांना गाडीत बसवून सहाशे-सातशे किलोमीटरांवरचे गाव गाठतात. त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

प्रथम गाडीविषयी थोडे सांगतो. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व बॅटरी असते. मंद वेगात किंवा सिग्नलपाशी इंजिन आपोआप बंद पडते आणि गाडी विजेवर चालते. ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग वीज होऊन बॅटरीत परत येतो. अशी मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली गाडी, टोयोटाची प्रियस, १९९७ साली जपानात बाजारात आली. त्याच साली आपल्या बंगळूरजवळ बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कंपनीची स्थापना झाली, आणि २०१३ पासून तेथे हायब्रिड गाड्या तयार होऊ लागल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या धंद्याशी मराठी माणसाचे नाते किती जुने आहे ते कळते. आज अनेक कंपन्या अशा गाड्या करतात. माझी गाडी कोणाची हे मी सांगणार नाही. कारण मी जे सांगणार आहे ते कोणत्याही गाडीला लागू पडावे.

हायब्रिड गाडीचा मोठा गुण म्हणजे तिची शांतता, आणि आपल्या गोष्टीचे मूळही त्या शांततेतच आहे. साध्या गाडीत इंजिनाची घरघर अखंड चालू असते आणि तिच्याखाली शेकडो बारीक आवाज झाकले जातात. इंजिन थांबले की ते सारे उघडे पडतात. या गाड्या मंद वेगात इतक्या निःशब्द चालतात की, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना कृत्रिम आवाज जोडण्याची सक्ती युरोपात २०१९ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना करावी लागली. तेव्हा नव्या गाडीत आवाज ऐकू आला म्हणजे गाडी बिघडलीच, असे नव्हे. पण ‘काही नसेल’ म्हणून सोडून द्यावे, असेही नव्हे. या दोहोंमधला मार्ग शोधाचा आहे.

आता आमच्या घरची हकीकत. गाडी घेऊन तीन महिने झाले होते. जानेवारीतल्या एका सकाळी मागच्या आसनावर बसलेली आई म्हणाली, “अरे, आपल्या वाड्यातल्या झोपाळ्याची कडी कुरकुरायची ना, तशी ही गाडी कुरकुरते आहे.” पुढे बसलेल्या आम्हां दोघांनाही मग तो आवाज ऐकू येऊ लागला. मागच्या बाजूने, गतिरोधकावरून जाताना, दोन-तीन वेळा कुर्र कुर्र होई आणि थांबे. शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितले की, हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी मागच्या आसनाखाली असते आणि आवाज तेथूनच येत असणार. ती बॅटरी तेथे असते हे आमच्या गाडीपुरते खरे होते. मग घरात भीती शिरली. त्यातच महिन्याभरात कोल्हापूरला माझ्या थोरल्या मामांचे सहस्रचंद्रदर्शन होते. आईच्या गुडघ्यांमुळे रेल्वेचा प्रवास शक्य नव्हता आणि भावाला भेटण्याची तिला ओढ होती. बोम्मसंद्रापासून कोल्हापूर सहाशे किलोमीटरांहून अधिक. कारण न कळलेला आवाज बरोबर घेऊन आईला न्यावे की नेऊ नये, असा प्रश्न उभा राहिला.

गाडी एका कार्यशाळेत नेली. त्यांनी संगणक जोडून पाहिला आणि ‘दोष नाही’ असे सांगितले. एक चक्कर मारून आणली, तेव्हा आवाजही आला नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गाडीतील संगणकाला जे संवेदक जोडलेले असतात तेवढेच त्याला कळते. तापमान, विद्युत्‌दाब, चाकांची गती हे तो सांगतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत हे सांगणारा संवेदक गाडीत नसतो. ते काम कानानेच करावे लागते.

कानाच्या कामात मातृभाषा किती उपयोगी पडते, हे येथे मुद्दाम सांगतो. मराठीत आवाजांची मोठी श्रीमंती आहे. खडखड म्हणजे सैल वस्तू आपटते आहे. घरघर म्हणजे फिरणारा भाग, बहुधा बेअरिंग. टकटक ठराविक लयीत येते आणि चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढते. खरखर म्हणजे धातूवर धातू किंवा मध्ये कचरा. ब्रेक लावताना ती आली तर एक दिवसही थांबू नये. कुरकुर मात्र या सर्वांहून वेगळी. तिच्यात दोन वस्तू एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि सरकू पाहतात. आमच्या कन्नड बांधवांकडेही ‘किरिकिरी’ हा शब्द आहे, आणि आपल्या किरकिरीप्रमाणे तोही त्रासासाठी वापरतात. त्यामुळे येथील कारागिराला आमची तक्रार समजावयास वेळ लागला नाही.

कुरकुरीचे शास्त्र सोपे आहे. स्थिर वस्तूला हलविण्यास जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ती सरकत ठेवण्यास लागतो. म्हणून दाब वाढत जातो, वस्तू अडून राहते, मग एकदम सुटून सरकते आणि पुन्हा अडते. असे सेकंदात कित्येक वेळा घडले की आवाज निघतो. दाराची बिजागरी, झोपाळ्याची कडी, इतकेच काय पण सारंगीवर फिरणारा गज, या सर्वांचे तत्त्व हेच. आपल्या बैलगाडीवाल्यांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. वंगणाचा नळा गाडीला बांधल्याखेरीज ते निघत नसत. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण आपण आयत्या लाभासाठी वापरतो. पण तो नळा फुकटा प्रवासी नव्हता, त्याच्यावाचून गाडा यात्रेला पोचलाच नसता.

मग आम्ही शोधाला लागलो. पहिला नियम असा की, चालवणाऱ्याने आवाज शोधू नये. त्याने रस्ता पाहावा. आमच्या सौ. वही घेऊन शेजारी बसत. आवाज आला की वेळ, वेग, इंजिन चालू की बंद, ब्रेक दाबला होता का, गाडी वळत होती का, आणि गाडीत कोण कोठे बसले होते, एवढे त्या टिपून ठेवीत. आठ दिवसांत वहीने चार गोष्टी सांगितल्या. आवाज सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातच येई. इंजिन बंद असताना तो स्पष्ट कळे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणमार्गावर तो मुळीच येत नसे. पण वसाहतीतल्या गतिरोधकावर एक चाक आधी चढले, म्हणजे गाडी तिरपी झाली, की हमखास येई. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. मागे कोणी बसलेले नसेल तर आवाज नाही.

या टिपणाने कार्यशाळेतील कोडेही सुटले. आम्ही गाडी नेली दुपारी, पाऊण तास चालवून, आणि चक्कर मारली ती एकट्या कारागिराने. आवाज येण्यास लागणाऱ्या अटींपैकी दोन तेथे नव्हत्याच. जानेवारीत येथे सकाळी पंधरा-सोळा अंश तापमान असते, दुपारी ते दहा-बारा अंशांनी चढते, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहूनही अधिक. वीस अंशांच्या फरकाने मीटरभर लांबीचे पोलाद सुमारे पाव मिलिमीटर वाढते, तर साधे प्लॅस्टिक दीड-दोन मिलिमीटर वाढते. सकाळची गाडी आणि दुपारची गाडी या जणू दोन निराळ्या गाड्या असतात.

म्हणून या वेळी गाडी रात्रभर कार्यशाळेतच ठेवली, तक्रार जॉबकार्डावर शब्दशः लिहून घेतली आणि सकाळी गाडी थंड असतानाच तेथे हजर झालो. प्रथम जिवाशी संबंध असलेले भाग तपासावेत हा क्रम मी सोडू दिला नाही. गाडी लिफ्टवर चढवून सस्पेन्शनचे सांधे, रबरी बुश, नटबोल्ट, चाके, सारे पाहिले. सर्व घट्ट होते. बॅटरीचे आवरण व तिचे बोल्ट कंपनीच्या प्रशिक्षित कारागिराने पाहिले. त्यांतही काही नव्हते. येथे एक इशारा देतो. त्या बॅटरीचा दाब दीडशे-दोनशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो. तिच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात, त्यांना घरच्या माणसाने हात लावावयाचा नाही. आणि गाडी शांत आहे म्हणजे बंद आहे असे समजून बॉनेटखाली हात घालू नये. गाडी पूर्ण बंद केलेली नसेल तर इंजिन न सांगता सुरू होते.

त्यानंतर गाडी अंगणातल्या गतिरोधकावर एक चाक चढवून उभी केली. मी आईच्या जागी मागे बसलो आणि दोघांनी बाहेरून गाडी हलविली. कुर्र! उभ्या गाडीत आवाज आला, तेव्हा ब्रेक आणि फिरणारे भाग आपोआप बाद झाले. तरी जागा सापडेना. बंद गाडीत आवाज काचांवरून परततो. शिवाय हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा ध्वनी पोलादातून सुमारे ५००० मीटर जातो. त्यामुळे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आणि कान फसतो. अशा वेळी कानावर विसंबू नये, एकेक वस्तू काढून पाहावी. डिकी रिकामी केली, आवाज कायम. जादा चाक काढले, कायम. दारांच्या रबरी पट्ट्यांत कापड घातले, कायम. मग त्या तरुण कारागिराने मागच्या आसनाची पाठ पुढे दुमडली आणि गाडी हलवली. आवाज गेला. पाठ सरळ करून खटका लावला. आवाज परत आला.

ती पाठ गाडीच्या अंगाला एका खटक्याने धरलेली असते. गाडीच्या बाजूस पोलादी कडी आणि पाठीत प्लॅस्टिकचे अस्तर असलेला चाप, अशी त्याची रचना. गाडी तिरपी झाली की तिचे अंग केसभर पिळले जाते. पाठीला माणूस टेकलेला असला की चापावर ताण येतो. आणि सकाळच्या गारव्यात अस्तर आकसल्यामुळे कडीला थोडी हालचाल मिळत असावी. आईने पहिल्याच दिवशी झोपाळ्याच्या कडीचे नाव घेतले होते. ती खरोखर कडीच निघाली.

कारागिराने तारा बांधण्याची कापडी पट्टी कडीभोवती दोन वेढे गुंडाळली. आवाज थांबला. त्याला मी म्हटले, “आता ती काढ.” तो चकित झाला, पण पट्टी काढताच कुरकुर परतली आणि गुंडाळताच गेली. ही उलटतपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आवाज थांबणे आणि कारण कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुपारच्या उन्हाने आवाज रोजच थांबत होता. रेडिओ मोठा केला तरी थांबला असता. जे आपल्या हाताने घालविता येते आणि आपल्या हाताने परत आणता येते, त्याचेच कारण सापडले असे म्हणावे. पुढे कडी किंचित सरकवून बसविली आणि तिला सिलिकॉनचे वंगण लावले. साधे ग्रीस लावू देऊ नका. ते जवळच्या रबराला फुगवून खराब करते.

कोल्हापूरचा प्रवास झाला. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, निपाणी असे टप्पे घेत आई भावाच्या दारी पोचली. त्या वाटेवर मन निश्चिंत होते. कुरकुर थांबली होती हे त्याचे निम्मे कारण. तिचा ब्रेकशी, चाकांशी किंवा बॅटरीशी संबंध नव्हता हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, हे उरलेले निम्मे.

आपणांस एवढेच सांगावयाचे की, नव्या गाडीचा अपरिचित आवाज ऐकला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. स्टिअरिंग जड होणे, ब्रेकबरोबर आवाज बदलणे, इशाऱ्याचा दिवा लागणे, यांतले काही असेल तर गाडी तेथेच थांबवा. नसेल तर वही घ्या, अटी टिपा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मागे बसलेल्या वृद्ध माणसाचे म्हणणे मनावर घ्या.

‘कुरकुर’ हा शब्द आपण माणसांसाठीही वापरतो. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ उभे करताना गणपतीच्या वर्गणीपासून सतरंज्यांपर्यंतच्या धावपळीत बारीक कुरकुर कोणाला ऐकू येत नसेल. आज कारभार सुरळीत चालतो, म्हणून ती ऐकू येते. कोणी नवा सभासद, कोणी वयोवृद्ध काकू कुरकुर करीत असतील, तर त्यांना गप्प बसविण्याआधी कोठे घासते आहे एवढे पाहावे. पुष्कळदा दोन वेढे कापडी पट्टीने काम भागते.