युद्धाचा भाव आणि धुळीची वर्षे

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकी कॉलेजात आम्ही शिकत होतो तेव्हा जमिनीच्या धुपीच्या धड्यात अमेरिकेतल्या धुळीच्या वादळांवर एक परिच्छेद होता. शेतकऱ्यांनी अज्ञानापोटी गवताळ माळ नांगरले, म्हणून माती उडाली, असे त्यात लिहिले होते. तेच उत्तर लिहून आम्ही मार्क मिळवले आणि पुढे नोकरीत असताना गावोगाव तेच सांगत फिरलो. ते उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. आज उरलेले अर्धे सांगायला उभे राहिलो आहोत.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना 1862 साली होमस्टेड कायदा झाला. याच युद्धात तिकडचा कापूस अडकला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला भाव चढला. 1865 ला युद्ध संपले, तसा तो उतरलाही. तर कायदा असा की, 160 एकर घ्या, पाच वर्षे तिथे राहून वाहिती करा, किरकोळ फी भरा, जमीन तुमची. सरकार म्हणाले मोकळी जमीन आहे. ती मोकळी नव्हती. तिथे मूळचे लोक राहत होते. करार मोडून, फौज घालून त्यांना हुसकले. 1887 साली त्यांच्याकडे सुमारे 13 कोटी 80 लाख एकर उरली होती, 1934 पर्यंत त्यातली 4 कोटी 80 लाखच राहिली. तिकडच्या शेतकऱ्याची हकीगत सांगताना हे गाळून चालणार नाही.

आता 160 एकर म्हटले की आपले डोळे विस्फारतात. पण पाऊस किती? कॅन्सस, नेब्रास्काच्या पश्चिम भागात 20 इंच किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या माण-आटपाडीकडे पडतो तितपत. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने 1878 सालीच सरकारला लिहून दिले होते की, या कोरड्या मुलखात 160 एकरांवर कुटुंब तगणार नाही, गुरे राखून जगायचे तर 2,560 एकर लागतील. कोणी ऐकले नाही. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून मिळालेल्या जमिनी विकायच्या होत्या. नांगराच्या मागोमाग पाऊस येतो, असा प्रचार चालला होता. दोन-चार वर्षे पाऊस बरा झाला, लोकांना ते खरेही वाटले.

मग पहिले महायुद्ध आले. युरोपला गहू हवा होता. 1917 साली सरकारने गव्हाला बुशेलमागे, म्हणजे सुमारे 27 किलोला, दोन डॉलरच्या वर हमी भाव बांधून दिला आणि गव्हाने लढाई जिंकायची अशी हाक दिली. शेतकऱ्याने कर्ज काढून जमीन घेतली, पुढे ट्रॅक्टर घेतला. 1920 साली हमी उठली, आणि वर्ष-दीड वर्षात भाव निम्म्यावर आला. कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. हप्ता भरायला आता दुप्पट गहू हवा, म्हणून त्याने आणखी गवत मोडले. कर्जबाजारी माणूस दुसरे काय करणार? 1931 साली पीक उदंड आले आणि भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली गेला. पुढे पाऊस गेला. पडीक पडलेल्या उघड्या जमिनीवरून वारा सुटला. मे 1934 मध्ये ती माती थेट वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कवर जाऊन पडली. 14 एप्रिल 1935 चा रविवार तर तिकडे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. भर दुपारी अंधार झाला होता.

त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, पट्टापेर, ज्वारीची धसकटे शेतात उभी ठेवणे, झाडांचे पट्टे लावणे. हे सारे उपाय चांगले आहेत, आम्हीही तेच सांगतो. पण आमच्या धड्यात एक गोष्ट नव्हती. 1936 च्या कायद्याने हे करणाऱ्या शेतकऱ्याला सरकार रोख पैसे देऊ लागले. नुसता उपदेश नव्हता.

गव्हाचे झाले, आता कापसाकडे येऊ. ही दक्षिणेतल्या राज्यांची गोष्ट. 1919 साली रुईला पौंडामागे सुमारे 35 सेंट मिळत होते, 1931 साली सहाही मिळेनात. 1933 साली सरकारने पैसे देऊन सुमारे एक कोटी एकर उभी पऱ्हाटी नांगरून टाकायला लावली. पिकावर पाय द्यायचा नाही हे शिकलेली खेचरे तासावर चालायलाच तयार होईनात, असे सांगतात. भाव थोडा सुधारला. पण करार जमीनमालकाशी होता. बटईदाराचा वाटा कागदावर राहिला, आणि पेरा कमी झाला म्हणून पुष्कळांना घरातून काढले गेले. 1934 साली आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावी गोऱ्या आणि काळ्या बटईदारांनी मिळून संघटना उभी केली. त्या काळात त्या मुलखात एका बाकावर बसणेही सोपे नव्हते. जानेवारी 1939 मध्ये मिझुरीच्या कापूसपट्ट्यात हजाराहून जास्त माणसे बायकापोरांसह, भांड्याकुंड्यांसह, थंडीत हमरस्त्याच्या कडेला येऊन बसली. अधिकाऱ्यांनी त्यांना तिथूनही हलवले.

दुसऱ्या महायुद्धात भाव पुन्हा चढले, पाऊसही परतला. बटईदार कारखान्यांत गेले, त्यांच्या जागी यंत्रे आली. 1935 साली अमेरिकेत 68 लाख शेते होती. 2022 च्या गणनेत 19 लाख भरली. आणि त्या कोरड्या मुलखात युद्धाच्या भावाने पुन्हा गवत मोडले गेले. 1950 नंतर पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा धूळ उडाली.

वेळ झाली आहे, मागच्या मंडळींना एसटी गाठायची आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी आत्ता विचारावे.