तंजावरचे कीर्तन, बेने इस्राएलांचे कीर्तन

तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनातली साकी, दिंडी, ओवी हे पद्यप्रकार घेऊन तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्याच शतकात, १८८०च्या सुमारास, मुंबईच्या बेने इस्राएल ज्यूंनीही मराठी कीर्तन आपलेसे केले. सिनेगॉगमधली हिब्रू प्रार्थना ओठांवर असे, पण तिचा अर्थ थोड्यांनाच कळे. मग बायबलमधल्या, भावांनी विकलेल्या योसेफाची कथा मराठी पदांतून रंगू लागली. योसेफ मिसरात, चाल मात्र आपल्या दिंडीची! धर्म नव्या पिढीला घरच्या भाषेतच भेटावा, असे मला मनापासून वाटते. पुढे ही कीर्तने मागे पडली. पण बेने इस्राएल महिला ती पदे भारतात आणि इस्राएलमध्येही गात राहिल्या. कधी कानी पडली, तर जरूर ऐका.