दावा लावायचा कुठल्या कोर्टात?

सातारा जिल्ह्यात पाटणला वडिलोपार्जित जमीन. एक भाऊ ठाण्यात, दुसरा नागपुरात. वाटणीचा दावा कुठे लावायचा? ना ठाण्यात, ना नागपुरात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं, स्थावर मिळकत ज्या हद्दीत, तिथलंच कोर्ट. जमिनीच्या तंट्यात भावांचे पत्ते सहसा कामाला येत नाहीत.

पैशाच्या वसुलीचं वेगळं. समजा, सांगलीच्या व्यापाऱ्यानं इंदूरला हळद पाठवली आणि बिल थकलं. कलम २० प्रमाणे प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा चालतो. तसाच, दाव्याचं कारण अंशतः जरी घडलं असेल तिथेही. सौदा सांगलीत ठरला असेल, तर व्यापाऱ्याला इंदूर गाठायची गरज नाही. बिलाच्या तळाशी ‘वाद सांगली न्यायालयाच्या कक्षेत’ अशी बारीक ओळ असते ना, ती उगाच नसते. दोन कोर्टांना अधिकार असेल, तर त्यांतलं एक करारानं निवडता येतं. मुळात अधिकारच नसलेल्या कोर्टाला मात्र तो करारानं बहाल करता येत नाही.

दाव्याची रक्कमही बघतात. त्यावरून दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराचा की वरिष्ठ स्तराचा, हे ठरतं.

आणि हद्दीची हरकत? ती पहिल्याच संधीला, कोर्टानं वादाचे मुद्दे काढण्याआधी घ्यायची. वर्षानुवर्षं तारखा घेऊन, निकाल विरोधात गेल्यावर ‘कोर्टच चुकीचं होतं’ म्हणणाऱ्याचं अपिलात सहसा कोणी ऐकत नाही. हरकत वेळेत आली आणि पटली, तर दावा योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत दिला जातो.