आश्रय कोणाकडे मागावा?

(कासा येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



चित्र काढावे, नाटक लिहावे, जुनी गाणी जमवावी, अशी हौस आपल्यांत पुष्कळांना आहे. परंतु ती तडीस नेण्यास साहाय्य कोठून आणावे, येथे बहुतेकांचे पाऊल अडते. कोणी धनिक भेटला नाही म्हणून वह्या माळ्यावर पडतात. ह्या विषयी चार शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही आनंदाने पाळीत आहो.

उदाहरण फार दूरचे नको. येथून डहाणूस जाताना गंजाड लागते. तेथील कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहत असत. वारली समाजात लग्नाचा चौक लिहावयाचा तो सुवासिनींनी. मशे मात्र लग्नकार्याची वाट न पाहता चित्रे काढीत. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी ह्या भागात आले. त्यांनी कागद व रंग दिले आणि ही कला शहरातील जाणत्यांपुढे नेली. पुढे मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार व २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले.

ह्यात ध्यानी घेण्याजोग्या गोष्टी दोन. पहिली मदत थैलीची नव्हती, कागदाची होती. आणि मदत येण्यापूर्वीच हात चालू होता.

दादासाहेब फाळके यांनीही नुसत्या शब्दांवर भांडवल मागितले नाही. वाटाण्याचा दाणा रुजून त्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी चित्रफितीवर टिपून दाखविले. तेव्हा पैसा देणाऱ्यास विश्वास आला. तरी सरस्वतीबाईंना अंगावरचे दागिने द्यावे लागलेच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्यामागे घरातील माणसाचा हा आश्रय होता. डॉ. केतकर यांनी ज्ञानकोशासाठी मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले, आणि २३ खंड पुरे केले. राजाश्रय नसता लोकाश्रयावर एवढे काम उभे राहिले.

आता आपल्या घरचे पाहू. आपण दरवर्षी शाल-श्रीफळ देऊन गुणिजनांचा सत्कार करतो. तो उचितच आहे. परंतु तो काम संपल्यावर होतो. काम चालू असता कागदास, रंगास, छपाईस जे चार पैसे लागतात, ते कोणी द्यावयाचे?

आमचीच गोष्ट सांगतो. गावोगावच्या शाळांत नोकरी करीत असता ज्ञातीतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या आम्ही उतरून घेतल्या. सहा वह्या भरल्या आहेत. पिठाची गिरणी घरोघर सोयीची झाली आणि जाते मागे पडले. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. एका प्रकाशकाने वह्या वर्षभर ठेवून न उघडता परत केल्या. त्याचा राग धरून वह्या छापून निघत नाहीत.

म्हणून आमची विनंती अशी. ज्ञातीने लहानसा कलानिधी काढावा. मागणाऱ्याने कामाचा एक पुरा नमुना आधी दाखवावा; नुसत्या संकल्पास पैसा देऊ नये. शक्यतो रोख रकमेऐवजी सामान द्यावे, अथवा प्रती आगाऊ विकत घ्याव्या. प्रत्येक पैचा हिशेब पुढील स्मरणिकेत छापावा. हा नियम प्रथम आम्हांसच लावावा.

पहिल्या वहीची स्वच्छ प्रत बाहेर मेजावर ठेविली आहे. भगिनींनी ती अवश्य चाळावी. कोठे शब्द चुकला असेल तर आपल्या आजीचा पाठ शेजारी लिहावा. काम पसंत पडले तरच शेजारच्या वहीत आगाऊ प्रतीसाठी नाव नोंदवावे. पसंत न पडल्यास तसे स्पष्ट सांगावे. नमुना लक्षपूर्वक पाहून दिलेला नकारही आम्हांस उपयोगी पडेल.