खाऱ्या पाण्याचे बेट
(साक्षरता वर्गाच्या सांगता-सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी पाण्याविषयी बोलणार आहो. तुम्ही म्हणाल, पाण्याचे काय सांगता? पाणी तर आम्ही रोजच भरतो. खरे आहे. पण जी गोष्ट रोजची असते तिच्याकडेच आपले लक्ष नसते.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी बेट कोणी पाहिले आहे काय? बेट म्हणजे चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये जमीन. आपल्या देशाच्या पश्चिमेला समुद्रात लक्षद्वीप नावाची बेटे आहेत. तिथे माड आहेत, मासे आहेत, पाऊसही चांगला पडतो. पण प्यायच्या पाण्याचे हाल. तिथल्या जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी थोडेसे साठते. ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगत असते. विहिरीतून जास्त उपसा केला की साय संपते आणि खालचे खारे पाणी वर येते. म्हणून तिथल्या कवरत्ती बेटावर २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना घातला. तो रोज एक लाख लिटर पाणी देईल असा बांधला आहे.

तुम्ही म्हणाल, कुठे लक्षद्वीप आणि कुठे आपला बुलढाणा जिल्हा! पण मंडळी, आपणही बेटावरच राहतो. फक्त आपला समुद्र दिसत नाही. तो पायांखाली आहे.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर आणि मधून पूर्णा नदी वाहते. पूर्णेच्या दोन्ही काठांना काळ्या गाळाची जमीन आहे. हा गाळ फार खोल आहे. त्यात क्षार अडकून बसले आहेत. पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून ते धुऊनही जात नाहीत. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पुष्कळ ठिकाणी खारेच पाणी लागते. यालाच आपण खारपाणपट्टा म्हणतो. तो अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही आहे.

इथल्या घरातली गोष्ट तुम्हाला काय सांगावी? तुम्हीच आम्हाला सांगाल. डाळ शिजता शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. हंड्याच्या आत पांढरा थर चढतो. पाहुणा आला की पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडे करतो. मुलीचे लग्न ठरवताना लोक आधी विचारतात, "गावात पाणी कसं हाय?"

आता एका घरची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. नाव सांगून काय करायचे? असे घर आपल्या प्रत्येक गावात सापडेल.

घरात म्हातारी आई, दोन भाऊ, दोन सुना, लेकरेबाळे. चार एकर जमीन, कापूस आणि तूर. थोरला भाऊ चाळिशीचा. कामाला वाघ. दिवसभर उन्हात राबायचा. खारे पाणी जिवावर येते म्हणून पाणी कमी प्यायचा. संध्याकाळी अंग दुखले की दुकानातून दुखण्याची गोळी आणून घ्यायचा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षे.

एके दिवशी सकाळी बायको म्हणाली, "तुमचे डोळे सुजले जी."

तो म्हणाला, "रात्री झोप झाली नाई."

पुढे पाय सुजू लागले. चप्पल घट्ट होऊ लागली. भूक मेली. बायकोने पुन्हा म्हटले, दवाखान्यात चला. तो म्हणाला, "कापूस वेचणी होऊ दे, मंग जातो." वेचणी झाली. मग धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. लग्न झाले. मग कोणीतरी सांगितले, अमक्या गावी झाडपाला देतात. तिथे दोन महिने गेले. म्हातारी म्हणायची, "माह्या सासूसासऱ्यानं हेच पाणी पेलं. त्याइले काय झालं?"

शेवटी एक दिवस त्याला दम लागला. खाटेवर पडवेना. तेव्हा गाडी करून शहरात नेले. रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत.

आम्ही त्याला भेटायला गेलो. भिंतीला टेकून बसला होता. आम्हाला म्हणाला, "मास्तर, मी सहा महिने आंधी गेलो असतो तर?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. मंडळी, त्या प्रश्नासाठीच आज आम्ही इथे उभे आहो.

मूत्रपिंड म्हणजे काय, ते समजून घ्या. याला किडनी म्हणतात, गुर्दाही म्हणतात. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन असतात. आकार आपल्या मुठीएवढा. काम मोठे. आपले रक्त त्यांतून पुन्हा पुन्हा फिरते. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्यांतून गाळले जाते. चांगले ते शरीरात परत जाते, घाण तेवढी लघवीवाटे बाहेर पडते. बाईने पीठ चाळावे आणि कोंडा तेवढा बाजूला काढावा, तसे हे काम आहे. चाळणी फाटली तर कोंडा पिठातच राहणार. मूत्रपिंड बिघडले की घाण रक्तातच राहते. मग यंत्राने रक्त धुवावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा जायचे आणि एका वेळी चार तास पडून राहायचे. शेती करायची केव्हा आणि घर चालवायचे कसे?

या आजाराची वाईट खोड अशी की तो चोरपावलांनी येतो. मूत्रपिंड अर्धे बिघडले तरी माणसाला काही दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

आता कोणी विचारील, हा आजार खाऱ्या पाण्यानेच होतो काय? आम्ही खरे तेच सांगू. आपल्या भागात या आजाराचे रोगी आहेत आणि पाण्यावर लोकांचा संशय आहे. पण एकट्या पाण्यानेच होतो असे म्हणता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची दोन मोठी कारणे आहेत. दुखण्याच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेणे, हेही कारण आहे. उन्हात राबून पाणी कमी पिणे, मुतखड्याकडे दुर्लक्ष करणे, हीही कारणे आहेत. तेव्हा नुसता पाण्याला दोष देऊन बसू नका. आणि पाणी निर्दोष आहे असेही समजू नका.

घाईने दोष देऊ नये, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात मिळाला आहे. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. डोके खाजे, केस हातात येत आणि थोड्या दिवसांत टक्कल पडे. बाया, माणसे, लेकरे, कोणी सुटले नाही. पोरींनी डोक्यावरचा पदर काढणे सोडले. पहिला संशय पाण्यावर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ तपासाला आले. पुढे महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून सांगितले की, रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार होते आणि त्याने हे झाले असावे. बऱ्याच जणांचे केस पुढे परत आले. पण यातून आपण काय शिकायचे? संशय आला की बोभाटा करायचा नाही, लपूनही बसायचे नाही. पाणी तपासायचे, धान्य तपासायचे, रक्त तपासायचे.

आता काय करायचे ते सांगतो. नीट ऐका. वहीत लिहून घ्या. आता तुम्हाला लिहिता येते!

पहिली गोष्ट. पाणी उकळल्याने खारेपणा जात नाही. उकळल्याने रोगजंतू मरतात, ते चांगलेच आहे. पण क्षार भांड्यातच राहतात. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाहीत. कापडाने गाळून तर मुळीच जात नाहीत.

दुसरी गोष्ट. आपले पाणी तपासून घ्या. पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या मापाला टीडीएस म्हणतात. एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तर पाणी चांगले. दुसरे पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. त्यापुढे पिऊ नये. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात गावोगावच्या पाच पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. आपल्या गावात त्या पाच कोण, ते ग्रामसभेत विचारा. कोणी नसेल तर आपल्या वर्गातल्या बायांनी पुढे व्हावे.

तिसरी गोष्ट. नळाच्या पाण्यावर लक्ष ठेवा. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान धरणातून १४० गावांची योजना झाली. ते पाणी सातपुड्याचे आहे, गोडे आहे. आपल्या गावी असा गोड्या पाण्याचा नळ आला असेल तर ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला ठेवा. विहिरीचे पाणी धुण्याला वापरा. गावात आरओचे यंत्र असेल तर त्याची जाळी वेळेवर बदलतात काय, ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट. आभाळातून पडणारे पाणी गोडे असते. हिशेब करू. टिनाचे छप्पर २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे असे धरा. पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर १९ हजार लिटरांहून जास्त पाणी पडते. सांडलवंड सोडली तरी १४ हजार लिटर हाती लागते. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि रांधायला रोज २५ लिटर पुरते. म्हणजे ५ हजार लिटरची झाकलेली टाकी २०० दिवस चालेल. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या, छप्पर धुऊन निघू द्या. टाकीला झाकण घट्ट ठेवा, नाहीतर डास होतील. प्यायच्या आधी मात्र हे पाणी उकळा.

पाचवी गोष्ट. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लघवी आणि रक्त तपासा. रक्ताच्या कागदावर क्रिएटिनिन असा शब्द असतो. चांगल्या माणसाचा तो आकडा १ च्या आसपास असतो. वाढला असेल तर डॉक्टरांना विचारा. चेहरा, पाय सुजले, लघवीला फेस आला, लघवी कमी झाली, तर वेचणीची वाट पाहू नका. दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. गरीब रोग्यांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस मिळावे म्हणून २०१६ साली सरकारने कार्यक्रम सुरू केला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. रेशनकार्ड घेऊन चौकशी करा. शेत गहाण टाकायच्या आधी चौकशी करा.

आता त्या घरची राहिलेली हकीकत सांगतो.

थोरला भाऊ आज आठवड्यातून दोनदा एस.टी.ने डायलिसिसला जातो. बायको सोबत असते. ती याच वर्गात शिकली. एक दिवस तिने नवऱ्याचा जुना कागद हातात घेतला. एक एक अक्षर जुळवत वाचले. क्रि-ए-टि-निन. पुढचा आकडा वाचला. मग तो कागद तिने दिरापुढे धरला. म्हणाली, "भाऊजी, तुमचं रक्त कधी तपासलं?"

दीर म्हणाला, "मले काय झालं? मी ठणठणीत हावो."

ती म्हणाली, "तेई असंच म्हनत होते."

दीर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला. त्याला रक्तदाब निघाला, लघवीत थोडा दोष निघाला. वेळेत सापडले. आता तो औषध घेतो आणि आकडा वाढलेला नाही. म्हातारीने गेल्या उन्हाळ्यात आपल्या पाटल्या मोडल्या आणि छपराखाली टाकी बसवली. जी म्हातारी म्हणत होती, "त्याइले काय झालं?", तीच आता नातवाला टाकीचे झाकण उघडे ठेवू देत नाही.

मंडळी, लोणारला तुम्ही गेला असाल. आकाशातून उल्का पडून तिथे मोठा खड्डा झाला. खाली खारे तळे आहे. पण त्याच खड्ड्याच्या काठावर गोड्या पाण्याची धार पडते. खारे आणि गोडे शेजारी शेजारी आहेत. शोधणाऱ्याला गोडे सापडते.

पायांखालचा खारा समुद्र आपण ठेवला नाही, तो आपल्याला हटवताही येणार नाही. पण आपल्या हंड्यात काय भरायचे, ते आपल्या हाती आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. नुसती सही करू नका. पाण्याचा कागद वाचा, रक्ताचा कागद वाचा, गोळीच्या पाकिटावरचे वाचा. आणि ज्याला वाचता येत नाही त्या शेजाऱ्याला वाचून दाखवा.

एवढे सांगून आम्ही रजा घेतो. उद्या सकाळी कोणाच्या डोळ्यांवर सूज दिसली तर त्याला म्हणा, "वेचणी मागून, दवाखाना आधी."